सात किलो चारशे

आधी वाटलं, माझीच चूक.
रात्री अकराला फाईल नीट लावून झोपले,
सकाळी ओळ एकशे बारा पुन्हा जुनी:
जीएसटी गायब, त्याच्या जागी व्हॅट,
आणि पितळी वजनांचा संच
दोन हजार चौदाच्या भावात.

मग आठ दिवस काही नाही.
मग एका मंगळवारी भर दुपारी, परत.

पासवर्ड बदलले,
भाडेकरू पळाल्यावर कुलपं बदलावीत तसे, चिडून.
लॉग निवडत बसले. खडा सापडेना.
हकिमुद्दीनभाई फोनवर म्हणाले, "व्हायरस आहे काय?"
मशीद बंदरला त्यांचं तराजूंचं दुकान,
काटावाला अँड सन्स. सन्स दोन्ही कॅनडात.
भुसावळच्या कुणी जुन्या भावात सहा संच मागवले
आणि भाईंनी ते पाठवूनही दिले:
"छापला तो भाव, बेटा. आपला धंदाच काट्याचा."

मी त्यांना समजावलं,
प्रत्येक फाईलचा एक आकडा निघतो,
आत एक स्वल्पविराम हलला तरी तो बदलतो.
"म्हणजे तू फाईल तोलते."
इतकं सोपं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

तर तोलू लागले. दर पाच मिनिटांनी,
चेंबूरच्या खोलीत, मांडीवर लॅपटॉप, शेजारी गार झालेली खिचडी.

संशय मात्र पाच मिनिटंही थांबत नाही.
विहंग. सहा महिन्यांपूर्वी लागलेला,
कानात सदा वायर, प्रश्नाला उत्तर म्हणून खांदे उडवणारा.
त्याला मी काही बोलले नाही.
फक्त त्याचा अ‍ॅक्सेस काढला
आणि मीटिंगमध्ये, त्याच्याकडे न बघता म्हणाले,
आतलंच कुणीतरी आहे.

आतलंच होतं.
तेवीस तारखेला, दोन चाळीसला आकडा हलला.
या वेळी पाऊल उमटलं:
पासवर्ड नव्हताच लागत त्याला, जुनी किल्ली होती,
आणि पत्ता दुकानाचाच.

दुसऱ्या दिवशी गेले. हातगाड्यांना अंग चोरत,
मिरचीच्या गोण्यांपाशी शिंकत.
वैधमापनवाले शिक्का मारायला येणार म्हणून
वीस किलोचे लोखंडी ठोकळे खाली उतरत होते.
इर्शादने माळ्यावरचा दिवा लावला
आणि वर, गोणपाटांमागे,
झोपेतून उठल्यासारखं कुणी खाकरलं.

एक डबा. पंख्यावर धुळीची साय.
लोकेश तांडेलने बसवलेला, तो आता मस्कतला.
दिव्याच्याच बटणावर, कारण वर दुसरा प्लग नव्हता.
माळ्याची लाईन कित्येक वर्षं जळलेली,
दोन महिन्यांपूर्वी वायरमनने जोडली.
दिवा लागला की हा जागा होतो,
सर्व्हरवर जातो, आपल्या प्रतीशी ताडून बघतो,
वेगळं दिसेल ते पुसून जुनं ठेवतो
आणि दिव्याबरोबर मिटतो.
स्क्रिप्टच्या माथ्यावर लोकेशची ओळ:
कोणी गडबड केल्यास जागेवर आणणे.

महिनाभर ज्याला चोर म्हणत होते
त्याची ड्यूटी अजून संपली नव्हती.

भाईंनी डबा खाली आणवला,
वायरी सोडवल्या,
आणि भंगारवाल्याला फोन लावण्याआधी, सवयीने,
काट्यावर ठेवला.
सात किलो चारशे.
इर्शादने वहीत लिहिलं.

राहिलं विहंगचं.
मेसेज लिहिला, पुसला, लांबलचक लिहिला, पुसला.
शेवटी गेलं ते एवढंच: तुझा अ‍ॅक्सेस सुरू केलाय.
त्याने अंगठा पाठवला.
त्या अंगठ्याचं वजन कुठल्या काट्यावर करायचं
ते भाईंना विचारायचं राहिलं.

रात्री तीनला अजून जाग येते.
फाईल तोलते.
आकडा तोच.
पुन्हा तोलते.